आखो जरासं!

चालू गाडीकडे धानोऱ्यात कुणी ढुंकून पाहत नाही. कधी घेतली, ॲव्हरेज किती देते, असले प्रश्न फार तर सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे विचारतात. पण गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग पडू द्या! सकाळी दूध घालायला आलेला माणूस किटली खाली ठेवून वाकतो, त्याच्यामागून शेतात निघालेला वाकतो, त्या दोघांना काय सापडलं म्हणून तिसरा वाकतो. तुम्ही दात घासत ओट्यावर येता तेव्हा गाडीभोवती माणसांचं असं कडं झालेलं असतं की आपल्याच घरी काहीतरी अघटित घडलंय आणि ते आपल्यालाच सांगितलेलं नाही, अशी धास्ती वाटते.

"काय व्हयनं सर, गाडी गळी राहिनी का?"

तोंडात फेस असल्यामुळे मी नुसती मान हलवली. मान हलवणं हे आमच्याकडे निमंत्रण धरतात. त्या दिवसापासून माझी गाडी सार्वजनिक झाली.

गाडी म्हणजे मारुती ८००, १९९७ सालची. पाटीवर नंबर एमएच १८, म्हणजे धुळ्याचा. तिचा जन्म झाला तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, नव्या गाड्यांना एमएच ३९ मिळू लागला आणि ही बाई जागची न हलता परजिल्ह्यातली होऊन बसली. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत वेगवान प्रवास. गुजरातची हद्द आम्हाला जवळ. पेट्रोल तिकडे स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ लोक टाकी तिकडे भरून येतात. मीही भरून येत असे. फक्त पेट्रोलमध्ये वाचवलेले पैसे घरी पोहोचेपर्यंत ऑइलच्या रूपानं रस्त्यावर परत सांडत असे.

या गळतीचं मूळ पुण्यात आहे. माझा भाचा तिथे आयटीत असतो. जी गोष्ट आपली आपण नीट चाललेली आहे ती सुधारायची, हा त्या मुलाचा स्वभावही आहे आणि नोकरीही. इंजिनच्या पोटाशी ऑइलचं चेंबर असतं, त्यात २.७ लिटरच्या आसपास ऑइल मावतं, आणि ते बदलायचं झालं की चेंबरच्या बुडाशी असलेला ड्रेन नट पान्यानं सोडावा लागतो. ही पद्धत जगभर चालत आली आहे. भाच्याला ती रानटी वाटली. दिवाळीला येताना त्यानं मिठाईच्या खोक्यात एक पितळी व्हॉल्व आणला. नटाच्या जागी हा बसवायचा. त्याला एक छोटी दांडी. दांडी उचलून पाव फेरा फिरवली की ऑइल खाली, परत फिरवली की बंद.

"मामा, आता पाना विसर," तो म्हणाला. "बोटाचं काम."

"म्हणजे नळच की," बायको म्हणाली.

"नळ नाही मामी, ड्रेन व्हॉल्व."

"घरातले दोन गळतात ते पुरे नव्हते का, म्हणून गाडीलाही बसवता?"

भाच्यानं व्हॉल्व बसवला, फोटो काढला, आणि भाऊबीज आटोपून तो पुण्याला गेला. बायकोचं वाक्य मात्र इथेच राहिलं.

*

आता या नळामुळे काय झालं ते नीट समजून घ्या. ड्रेन नट गळत असता तर गावातल्या फार थोड्या लोकांना त्यात गम्य असतं. गाडीच्या पोटाखालचं ज्ञान मर्यादित लोकांकडे असतं आणि ते लोक बहुधा कामात असतात. पण नळ! नळ गळतो म्हटल्यावर बायाबापड्यांपासून बालवाडीपर्यंत प्रत्येकाचा आयुष्यभराचा अनुभव उभा राहिला. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "नळाचं काम प्लंबरचं." प्लंबरला बोलावलं तर तो म्हणाला, "गाडीखाली मी जात नसतो." आमच्या जिल्ह्यात नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच फलाटावर दोन राज्यं नांदतात, गाड्या येतात-जातात, कुणाचं काही अडत नाही. माझ्या गाडीखालच्या दीड इंचाच्या पितळेवरून मात्र दोन धंद्यांचा सीमावाद पेटला आणि तो सुटेपर्यंत ऑइल ठिबकत राहिलं.

खाली काय ठेवायचं हा पहिला प्रश्न. मी स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं मात्र, आतून आवाज आला, "तिकडचं एकही भांडं मिळणार नाही." शेवटी गोठ्यातला जुना डालड्याचा डबा ठेवला. तासाभरात ओट्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं.

वापरलेलं ऑइल हे सरकारी नियमांत घातक कचरा म्हणून धरलं जातं; २०१६ चे नियम आहेत, ते कुठेही ओतू नये, उघड्यावर जाळू नये, असं बरंच काही. खेड्यात त्याच काळ्या तेलाला रांग लागते. एकाच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली. दुसऱ्याच्या बैलगाडीचा आस कुरकुरतो. तिसऱ्याचा स्लॅब पडायचा आहे, त्याला सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला हवं. चौथ्याच्या कुत्र्याला खरूज झालेली; त्याला मी हात जोडून परत पाठवलं आणि कुत्र्यानं माझ्याकडे जे पाहिलं त्याला मी कृतज्ञता समजतो. डालड्याच्या डब्याचे वाटेकरी आपसांत ठरले. सोमवारचं तेल चौकटीला, मंगळवारचं बैलगाडीला. स्लॅबवाल्याला घाई असल्यानं त्यानं डबा मोठा ठेवायची सूचना केली.

"आते लगेच दुरुस्त नका करजात, सर," चौकटवाला काकुळतीनं म्हणाला. "मना मागला दरवाजा बाकी शे."

शाळेतही बातमी पोहोचली. आमच्या गणिताच्या सरांना व्यवहारी उदाहरणांचा फार सोस. त्यांनी चाचणीत प्रश्न काढला: एका मिनिटाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर, तर २.७ लिटर ऑइल किती दिवसांत संपेल? उत्तर साडेसदतीस दिवस. गाडीच्या मालकाचं नाव प्रश्नात नव्हतं, हा त्यांचा मोठेपणा. वर्गातल्या पोरांनी तरी पेपर सोडवता सोडवता खिडकीतून माझ्याकडे पाहून घेतलं. एका पठ्ठ्यानं उत्तरात लिहिलं, 'गाडी चालून आल्यावर ऑइल गरम होऊन पातळ होते व जास्त गळते, गार झाल्यावर कमी गळते, म्हणून हे गणित सुटत नाही.' त्याला शून्य मिळालं. सगळ्या गावात गळतीचं शास्त्र समजलेला तो एकटा होता आणि तो नापास झाला.

*

सल्ल्यांचं म्हणाल तर त्यांचा पूर आला. अंगाच्या साबणाची वडी घासून लावा. (हा उपाय पेट्रोलची टाकी पाझरते तेव्हा ड्रायव्हर लोक तात्पुरता करतात; गरम ऑइलपुढे साबणानं माझ्या डोळ्यांदेखत फेस सोडून माघार घेतली.) दोन गोळ्या मळून एक करायची ती लुकण लावा. लावली, तेलकट पितळेवर ती बसेना, माझ्या बोटांवर मात्र अशी बसली की दोन दिवस खडू धरायला त्रास नव्हता, सोडायला होता. प्लंबरनं लांबूनच पांढरी टेप फेकली. ग्रामपंचायतीच्या हातपंपाचं काम करणारा एकजण इंडिया मार्क टूचं चामडी वायसर घेऊन आला. ते माझ्या हातातल्या घड्याळाच्या तबकडीपेक्षा मोठं होतं. "बारीक करून घ्या," म्हणाला. "चामडं कधी दगा देत नाही."

या चामड्यावरून बायकोला बर्था बेंझची गोष्ट आठवली. मुलीच्या पुस्तकात होती. कार्ल बेंझनं १८८६ मध्ये मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण लोक गाडीला विचारेनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन पहाटे गाडी काढून शंभरावर किलोमीटर लांब माहेरी गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिननं साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.

"आणि पोहोचली," बायको म्हणाली.

"हो, पण तिच्या नवऱ्यानं—"

"नवऱ्याला न सांगता निघाली होती. म्हणूनच पोहोचली."

तिनं केसांतली पिन काढून माझ्यासमोर धरली. मी ती घेतली नाही.

काळीपिवळीवाल्याचं मत वेगळं. नंदुरबारच्या रस्त्यांवर ज्यानं पुढच्या सीटवर चार आणि मागे मोजता येणार नाहीत इतकी माणसं बसवून गाडी चालवली आहे, त्याला यंत्राविषयी एक आध्यात्मिक शांती येते. तो वाकला, पाहिलं, बिडी पेटवायला उठला. "गळस म्हणजे तेल शे," म्हणाला. "जे दिन गळनं बंद व्हई, ते दिन घाबरा." आणि ओट्यावरचे एक वयोवृद्ध नाना, ज्यांनी उभ्या हयातीत चाकाच्या वाहनावर विश्वास टाकलेला नाही, ते रोज तेवढंच म्हणत: "घोडं लेवाले पाहिजे व्हतं." दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथून. घोडाही खालून काही ना काही सांडतोच, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "ते शेतले पडस," नाना म्हणाले. या मुद्द्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पण सल्ले कितीही वेगळे असोत, सगळ्यांची वाट फिरून एकाच मुक्कामाला येत होती: आवळा.

माणसाला, विशेषतः पुरुषमाणसाला, हातात पाना आला की नट जसा आहे तसा ठेवता येत नाही. आधीच्या माणसानं आवळलं आहे हे त्याला दिसतं, कळतं, तो ते बोलूनही दाखवतो. तरीही आपला एक हात पडल्याशिवाय काम झालं असं त्याला वाटत नाही. माझ्याकडे सतराचा एक रिंग पाना होता, वडिलांच्या वेळचा. तो या काळात गावभर इतका फिरला की गाडीपेक्षा त्याचंच ॲव्हरेज जास्त भरावं. दूधवाला येई, किटली ठेवी, पाना मागे. खाली सरके. वरून आम्हाला त्याचे फक्त पाय दिसत. मग पाय ताठ होत, एक कण्हणं ऐकू येई आणि ओट्यावरून सगळे एका सुरात म्हणत, "आखो जरासं!" पाय पुन्हा ताठ. बाहेर येऊन तो हात झटकत सांगे, "मी तुमले सांगस, ढिला व्हता. आते थेंब पडाव नही." मग सगळे श्वास रोखून खाली पाहत. थेंब यायला मिनिटभर लागे. ते मिनिट त्या माणसाचं असे. नंतर टप्प असा आवाज होई आणि पाना पुढच्याच्या हातात जाई.

गाडी वर उचलायची सोय नव्हती. जॅक होता, त्याला जॅकपणाची लाज वाटत असावी. लावला की हळूहळू खाली बसे. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला वाटलं गेलं. साऱ्या देशाला आधार देणाऱ्या या जिल्ह्यात माझ्या गाडीखाली द्यायला चार विटा मिळाल्या आणि त्याही स्लॅबवाल्याच्या होत्या. विटांवर गाडी टेकवून तिच्याखाली कधीही जाऊ नये, वीट न सांगता फुटते, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. प्रत्येकजण "बरोबर शे" म्हणून खाली जात होता. शेवटी मी पुढची दोन्ही चाकं शेताच्या बांधावर चढवून मागच्या चाकांना दगड लावले आणि विटा परत केल्या. त्यामुळे प्रेक्षकांची बसायची सोयही झाली.

आणि मग पंचायतीचे एक माजी सदस्य आले. हे गृहस्थ कुठल्याही कामात उशिरा येतात आणि आल्यावर काम आता सुरू झालं असं धरतात. त्यांनी पाना हातात तोलून पाहिला. "आखूड आहे," म्हणाले. "पाइप आणा." कुणीतरी दोन हात लांब लोखंडी पाइप आणला, तो पान्याच्या दांडीवर चढवला. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोरात ताकद दुप्पट होते, हे आर्किमिडीजला कळलं होतं, पण त्याच्याकडे पाइप देणारी माणसं नव्हती. दोघं पाइपच्या टोकाला लागले. ओट्यावरून आवाज आला, "आखो जरासं!"

कट्ट.

आवाज बारीकच होता. पण तो सगळ्यांना ऐकू गेला. व्हॉल्व आता हातानं गोल गोल फिरत होता आणि कुठेच धरत नव्हता. आटे गेले होते, ते थेट चेंबरचे. मला या गोष्टीचं राहून राहून कौतुक वाटतं की इतके दिवस निवांत असलेल्या माणसांना त्या एका क्षणी किती कामं आठवली. एकाची मोटर चालू राहिली होती. एकाची म्हैस दूध द्यायची होती, भर दुपारी. माजी सदस्यांना तहसीलमध्ये कुणीतरी बोलावलं होतं. ज्यानं पाइप आणला त्याला तो कुणाकडून आणला ते सांगता येईना. नाना तेवढे बसून राहिले, कारण त्यांनी पहिल्यापासून घोडा सांगितला होता.

थेंबाची धार झाली. डालड्याचा डबा कधीच भरला होता. मी घरात धावलो आणि ओट्याजवळ जे पहिलं खोलगट दिसलं ते उचलून धारेखाली धरलं. ते पुरणपोळीचं खापर होतं. खानदेशात पुरणपोळी तव्यावर होत नाही. हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढी केलेली पोळी पालथ्या खापरावर पडते, आणि असं मनासारखं तापणारं खापर मिळायला घरातल्या बाईची वर्षं जातात. हे मला माहीत होतं. धार पाहून विसरलो. या सगळ्या प्रकरणाचं खापर कुणाच्या माथी फुटायचं, हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात उरला नाही.

*

इंजिनात ऑइल नसताना गाडी चालू करणं म्हणजे इंजिनला मूठमाती. धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात आतलं सगळं जाम होतं. म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी नंदुरबारला न्यायची ठरलं. मी स्टिअरिंगवर. वाटेत भेटणारा प्रत्येक ओळखीचा हात वर करून विचारी, "बंद पडनी का?" आणि मी उत्तर देईपर्यंत ट्रॅक्टर मला पुढे ओढून नेई. सोबत आमचे विज्ञानाचे सर होते. त्यांना नंदुरबारला दुसरं काम होतं, पण गाडी फुकट ओढली जाते आहे हे पाहून ते बसले.

गॅरेजात मिस्त्रीनं गाडी खड्ड्यावर घेतली आणि हाताखालच्या पोराला आत उतरवलं. पोरगा असेल सतरा-अठराचा. त्यानं व्हॉल्व काढला, बुडाशी बोट फिरवलं, मग नखानं काहीतरी खरवडलं.

"दोन वायसर शेतस," खालून आवाज आला.

"काय?"

"जुनं चिकटेल शे. त्याच्यावर नवं बसाडेल शे."

झालं होतं ते इतकंच. ड्रेन नटाला ऑइल अडवायचं काम आटे करत नाहीत, जोरही करत नाही. ते काम मधलं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर करतं. आवळताना ते थोडं चेपतं आणि फट भरून काढतं. म्हणून ते एकदाच वापरायचं असतं. भाच्यानं जुना नट काढला तेव्हा जुनं वायसर चेंबरला चिकटून राहिलं. वर्षानुवर्षं चेपून ते इतकं पातळ झालेलं, की चेंबरचाच भाग वाटावं. त्यावर त्यानं व्हॉल्वसोबत आलेलं नवं वायसर ठेवलं. दोन वायसरांच्या मधून ऑइलनं आपली वाट काढली. गावातली निम्मी पुरुषमंडळी त्या गाडीखाली जाऊन आली, प्रत्येकानं नट पाहिला, व्हॉल्व पाहिला, आधीच्या माणसाचं काम कच्चं आहे हे पाहिलं. दहा-वीस रुपयांच्या वायसरकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. पुण्याला फोन करून मी भाच्याला हे सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "पण मामा, रिव्ह्यू चांगले होते."

मिस्त्रीनं चेंबर उतरवलं, एक साइज मोठा टॅप मारून नवे आटे पाडले, लोखंडाचा भुगा धुऊन काढला, चेंबर पुन्हा चढवलं. साधा नट, नवं वायसर. पान्यानं हलकासा हिसका दिला आणि म्हणाला, "झालं."

"एवढंच?" मी म्हणालो. आणि काय सांगू तुम्हाला, इतकं सगळं पाहूनही माझ्या तोंडून निघालंच, "आखो जरासं?"

मिस्त्रीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. पण विज्ञानाचे सर मध्ये पडले. ते म्हणाले, "याला शास्त्र आहे." मूळच्या नटाला पस्तीस न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. ते मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना लागतो. मिस्त्रीकडे तो नव्हता. सर म्हणाले, "लागत नाही." पाना ३० सेंटिमीटरचा, त्याच्या टोकाला १२ किलो वजन टांगलं, तर ०.३ गुणिले १२ गुणिले ९.८ म्हणजे ३५.२८. नट चेंबरच्या बाजूला आडवा बसतो, त्यामुळे पाना आडवा धरून वजन सरळ खाली लोंबकळवता येईल. "फक्त बारा किलोचं काहीतरी आणा."

नंदुरबारात हिवाळ्यात बारा किलोचं काहीतरी म्हणजे मिरची. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे ढीग, आणि शहराबाहेर पथाऱ्यांवर ती वाळत घातलेली. लांबून पाहिलं तर जमिनीवर कुणी लाल जाजम अंथरलंय असं वाटतं, जवळ गेलं की डोळे काही पाहू देत नाहीत. शेजारच्या व्यापाऱ्यानं बारा किलो मिरची पिशवीत मोजून दिली. एकही मिरची कमी भरता कामा नये, या अटीवर. का हवी हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं दुकान पोरावर सोपवलं आणि सोबत आला.

पोरगा खड्ड्यात. सर खड्ड्यात. मी पिशवी घेऊन खड्ड्यात. पिशवी पान्याला अडकवताना खालची शिवण थोडी उसवली आणि मिरच्या घरंगळू लागल्या. मी एक पाय दिला, तो मिरचीवर पडला. त्यानंतर काय झालं याचा वृत्तांत मला डोळ्यांनी देता येणार नाही. खड्ड्यात तीन माणसं शिंकत होती, वर व्यापारी ओरडत होता, "मोजून घेईन, मोजून!", आणि मिस्त्री शांतपणे पाणी घेऊन उभा होता. पण शास्त्र पुरं झालं. पिशवी सव्वा-दीड मिनिट टांगून राहिली आणि नट केसभरही हलला नाही. मिस्त्रीनं हातानं जिथे सोडला होता तिथेच होता. सरांना ते पटेना. त्यांनी नट ढिला करवला, मिस्त्रीच्या जागेवर खडूची रेघ मारून घेतली, पुन्हा पिशवी टांगली. नट फिरत फिरत आला आणि रेघेवर थांबला.

सर बराच वेळ रेघेकडे पाहत होते. मिस्त्री म्हणाला, "मिरच्या देऊन टाका परत. आणि जे वायसर दोनदा चेपलं ते बदलू द्या आता."

गाडी तेव्हापासून गळत नाही. चौकटवाल्याचा मागचा दरवाजा राहिला तो राहिलाच. तो समोरून जाताना माझ्याशी बोलत नाही. शून्य मिळालेल्या पोराचे गुण वाढवून द्यावेत म्हणून मी गणिताच्या सरांकडे शब्द टाकला आहे, त्यांचा विचार चालू आहे. पितळी व्हॉल्व माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून असतो आणि अजूनही त्यातून कसं कोण जाणे, पण थोडं तेल येतं. सहामाहीच्या पंचवीस मार्कांच्या पेपरांवर ते उमटलेलं पालकांनी पाहिलं आहे. नवं खापर आणलं आहे. ते अजून मनासारखं तापत नाही, आणि याची आठवण मला प्रत्येक सणाला दिली जाते.

एकच काम बाकी आहे. माझा सतराचा रिंग पाना, दांडीवर पाइपचे ओरखडे असलेला, ज्या कुणाकडे राहिला असेल त्यानं कृपया आणून द्यावा. ओट्यावर ठेवून गेलात तरी चालेल, काही विचारणार नाही. फक्त जाता जाता गाडीखाली वाकू नये.